अखंड दिव्याचे नियम

रुद्रप्पांचा देवावर पूर्ण विश्वास होता. देवाच्या कामाच्या पद्धतीवर मात्र तेवढा नव्हता. रोज पहाटे अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते लिंगपूजेला बसत, आणि पूजा संपत आली की आज काय काय आणि कुठल्या क्रमानं व्हायला हवं ते देवाला नीट समजावून सांगत. शेवटी ‘तुझी इच्छा’ असंही म्हणत, पण ते अर्जाच्या खाली ‘आपला विश्वासू’ लिहितात त्या चालीवर.

नोकरीत असताना सोलापूर शहराला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं होतं. कुठल्या पेठेला कधी पाणी द्यायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, कोणाला अजून एक दिवस कोरडं ठेवायचं हे सगळं त्यांच्या मनगटात होतं. त्यामुळं ऐन नवरात्रात सीना नदी पात्र सोडून सुटली आणि काठची गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हा त्यांना वाईट वाटलं हे खरं, पण त्याच्या आधी राग आला. एवढं पाणी कोणाला न विचारता सुटलंच कसं, असं ते दोन दिवस घरात बोलत होते. त्यांच्या बायकोनं, गौरम्मांनी, ते ऐकून घेतलं, कारण लग्न झाल्यापासून त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

निवृत्तीनंतर रुद्रप्पा अक्कलकोट रस्त्यावरच्या समाजाच्या मंगल कार्यालयाचे सचिव झाले होते. पूरग्रस्तांना कार्यालय उघडून द्यायचं असं बैठकीत ठरलं, तेव्हा ते उभे राहून म्हणाले, “देणारे आपण कोण? आपण निमित्तमात्र. सगळं त्याच्यावर सोडायचं आणि सेवा करायची.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैठकीतून उठून रुद्रप्पा थेट बाजारात गेले आणि एक शिट्टी विकत घेऊन आले.

कार्यालयातल्या लग्नांना गाडी लावणाऱ्या चांदसाबनं आपल्या टेम्पोतून माणसं आणायला सुरुवात केली. लग्नाचं वऱ्हाड न्यायचा टेम्पो तो, त्याच्यावर अजून झेंडूच्या वाळक्या माळा होत्या. आतून उतरत होती ती चिखलात माखलेली माणसं, कोणाच्या हातात कोंबडी, कोणाच्या हातात शाळेचं दप्तर, एका म्हातारीच्या हातात नुसता दाराचा कडीकोयंडा. दार गेलं होतं, कडी हातात राहिली होती. चांदसाब एकेकाला हात धरून उतरवायचा आणि रुद्रप्पा माईकवरून सांगायचे की चपला डावीकडं, बायका उजवीकडं, आणि कृपया कोणी भिंतीला टेकू नये.

माईक ही त्यांची खरी ताकद. ज्या माईकवरून एरवी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’ असं सांगितलं जायचं, त्याच्यावरून आता दिवसभर सूचना सुरू झाल्या. ज्या भगिनीनं निळी बादली नेली आहे तिनं ती जागेवर ठेवावी. डाळ परत मिळेल, पण पहिली संपवून मागावी. अंघोळीच्या पाण्यासाठी शिट्टी वाजल्यावरच उठावं. ज्यांच्या घरात आढ्यापर्यंत पाणी चढलं होतं ती माणसं आता तांब्याभर पाण्यासाठी शिट्टीची वाट बघत ओळीनं बसली होती. आग लागू नये म्हणून रुद्रप्पांनी दारातच सगळ्यांच्या काडेपेट्या काढून घेतल्या आणि पिशवीत भरून आपल्या घरी पाठवून दिल्या.

आणि त्याच दुपारी केराबाई आली, पेटता दिवा घेऊन.

केराबाई धनगराची. पन्नाशी कधीच ओलांडलेली, कपाळावर मोठं गोंदण, पायाला पत्रा लागून झालेली जखम फडक्यानं बांधलेली. टेम्पोत ती फतकल मारून बसली होती. पुढ्यात बुट्टी, बुट्टीत काळी माती आणि त्यात बोटभर वाढलेले गव्हाचे पिवळट कोंब, मधोमध मातीचा घट, आणि शेजारी पदराच्या आडोशाला एक दिवा. रबरी बोटीत बसवताना जवानांनी तिला सांगितलं होतं की फक्त माणसं घ्यायची, सामान नाही. ती म्हणाली होती, ह्ये सामान न्हाय.

“बाई, घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत,” रुद्रप्पा म्हणाले. धर्माच्या बाबतीत त्यांना कोणी चुकलेलं चालत नसे.

“म्या कुटं हलवला वो सायेब? नदीनं हलवला.”

“आणि दिवा आत नेता येणार नाही. पडदे आहेत, मांडवाचं कापड आहे. विझवा. देव समजून घेतो.”

“देव समजून घेतूय, मग तुमी का न्हाई घेत?”

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. घरं गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या, म्हणून गौरम्मा पुढं झाल्या आणि त्यांनी बुट्टीला हात लावून नमस्कार केला. मग रुद्रप्पांना काही करता येईना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. घट स्टेजवर बसेल, नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्यांच्या मध्ये. दिव्याला वारा लागू नये म्हणून पंखा बंद राहील. तेल त्यांच्या परवानगीनं घातलं जाईल. दिव्याजवळ एका वेळी एकच बाई बसेल. अखंड दिव्याला नियम हवेत, असं ते म्हणाले. केराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दिव्यात हवं तेवढं तेल ओतलं.

दिव्याचं कारण तिनं गौरम्मांना सांगितलं. तिचा नवरा अजिनाथ मागं राहिला होता. बोटीत मेंढरं घेईनात आणि मेंढरं सोडून तो येईना. “तुझा घट घिऊन जा, मी येतू मागनं,” एवढंच बोलून तो कळप हाकत निघाला होता. त्यानंतर फोन बंद. आता अजिनाथ दारात येईपर्यंत दिव्याजवळून उठायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बोलताना तिचा आवाज साधा होता, पण हात सारखे पदराचं टोक पिळत होते.

रुद्रप्पांचं काळीज वाईट नव्हतं. ते हे ऐकून खरोखर कळवळले, आणि कळवळले की ते कामाला लागत, हीच अडचण होती. “काळजी सोडा, केराबाई,” ते म्हणाले. “सगळं देवावर सोडा. संध्याकाळपर्यंत तुमचा माणूस मी इथं आणून उभा करतो.”

मग ते फोनला भिडले. तहसीलमधल्या ओळखीच्या माणसाला, त्याच्या साहेबाला, साहेबाच्या मेहुण्याला, गावच्या पोलीसपाटलाला आणि दोन वार्ताहरांना त्यांनी फोन केले. तासाभरात अर्ध्या जिल्ह्याला अजिनाथ ठाऊक झाला. शेवटी बोटीवरच्या पथकातूनच त्यांना फोन आला.

“साहेब, तो माणूस नेमका कुठं आहे?”

रुद्रप्पांनी फोनवर हात ठेवला. “केराबाई, नेमकं ठिकाण सांगा.”

“म्या कसं सांगू? मेंढरं जातील तिकडं जाईल त्यो.”

“तसं नाही. नेमकं.”

“ठाव न्हाई वो मला. लई मोठं रान हाय.”

आता नोकरीच्या सगळ्या वर्षांत रुद्रप्पांनी वरिष्ठांना ‘माहीत नाही’ असं एकदाही सांगितलेलं नव्हतं. पाणी का आलं नाही असं कोणी विचारलं, तर त्यांच्याकडं कारण तयार असे, आणि ते खरं आहे की खोटं हे त्यांचं त्यांनाही नंतर कळत नसे. केराबाईच्या गावाला ते पूर्वी एका लग्नाला गेले होते. देऊळ आणि देवळामागं एक उंचवटा, एवढं आठवत होतं.

“देवळामागचा माळ,” ते फोनवर म्हणाले. “शंभर टक्के तिथंच.”

“नक्की ना? नाहीतर आम्ही काठाकाठानं फिरून बघणार होतो.”

“फिरायची काही गरज नाही. सरळ तिथंच जा.”

फोन ठेवल्यावर गौरम्मांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं हो?”

“अंदाज असतो माणसाला.”

“मग अंदाज आहे असं सांगितलंत का त्यांना?”

त्यावर रुद्रप्पांनी शिट्टी वाजवली, कारण चहाची वेळ झाली होती.

संध्याकाळ होत आली तरी फोन वाजला नाही. मागच्या खोलीत डॉक्टर आले होते आणि केराबाईच्या पायाची जखम धुऊन घ्यायलाच हवी होती. ती उठायला तयार नव्हती. गौरम्मा स्वयंपाकाकडं होत्या. शेवटी केराबाईनं रुद्रप्पांनाच दिव्याजवळ बसवलं. “सायेब, जरा हितं बसा. काय करू नगा. निस्तं बसा.”

एवढं अवघड काम त्यांच्यावर आजवर कोणी सोपवलं नव्हतं.

ते बसले. दिवा नीट जळत होता. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की ज्योत किंचित डावीकडं झुकतेय. त्यांनी बुट्टी सरकवली. ज्योत उजवीकडं झुकली. मग वातीचं टोक काळं पडलंय असं दिसलं. मग वात गरजेपेक्षा लांब आहे, तेल फुकट जळतंय, असं वाटलं. कोणी करा म्हटलं नव्हतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, पण चाळीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला हात मांडीवर राहीना. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वात जरा आत ढकलली. वात तेलात बुडाली, एक बारीक चर्र आवाज झाला आणि दिवा विझला.

रुद्रप्पांनी आधी आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. खिसे चाचपले. काडेपेटी कुठून असणार? कार्यालयातल्या सगळ्या काडेपेट्या त्यांच्या स्वतःच्या घरात, फडताळात सुरक्षित होत्या. स्वयंपाकघरात लायटर होता, पण मागितला असता तर आचाऱ्यानं कारण विचारलं असतं आणि आचारी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. तरी ते उठले, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“साहेब, देवळामागं कोणी नाही. तो माळ पाण्याखाली आहे. तिथंच शोधत बसलो, आता अंधार पडतोय. उद्या सकाळी बघू.”

रुद्रप्पा परत खाली बसले. दिवा म्हणजे प्रतीक असतं, देव त्याच्या पलीकडं आहे, असं त्यांनी समाजाच्या कार्यक्रमांत कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. आता विझलेल्या वातीचा वास नाकात गेला आणि आपण एका माणसाला मारलं, असं त्यांना स्वच्छ वाटलं. त्यांनी हात जोडले.

‘हे सिद्धेश्वरा,’ त्यांनी सुरुवात केली, ‘त्या माणसाला वाचव. आधी पाणी थोडं कमी कर. मग देवळाच्या उत्तरेला जो ओढा आहे...’

ओढा उत्तरेला होता का? ते थांबले. ओढा होता की नव्हता, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या गावात त्यांनी जिलेबी खाल्ली होती, एवढीच त्यांची माहिती.

‘मला माहीत नाही,’ ते मनात म्हणाले. ‘तो कुठं आहे मला माहीत नाही. मला काहीच माहीत नव्हतं आणि मी सांगून बसलो. तुझं तू बघ बाबा.’ डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. उपरण्यानं चष्मा पुसायचंही सुचलं नाही. ते खरंच नुसते बसले होते, आता उपयोग नव्हता तेव्हा.

केराबाई पाय ओढत आली तेव्हा ते तसेच होते. तिनं दिव्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

“माझ्याकडून विझला,” रुद्रप्पा म्हणाले. “वात सारायला गेलो.”

“आन् बोट?”

“रिकामी आली.”

ती मटकन खाली बसली. क्षणभर वाटलं आता रडेल, पण तिचा आवाज चढला. “निस्तं बसा म्हनलं हुतं की वो! लेकराला बी कळतंय एवढं! सगळीकडं हात घालायलाच पायजे का तुमास्नी? मी न्हाई ठाव म्हनत हुते, तर तुमी मोठं शंबर टक्के!” सगळं कार्यालय वळून बघत होतं. रुद्रप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना माईक आठवला नाही, शिट्टी आठवली नाही.

दम लागला तशी ती थांबली. कंबरेच्या पिशवीत हात घालून तिनं काडेपेटी काढली. रुद्रप्पा बघत राहिले. नंतर गौरम्मांनी त्यांना सांगितलं की कार्यालयातल्या एकूण एक बाईच्या कंबरेला काडेपेटी होती, तुम्ही गोळा केल्या त्या पुरुषांच्या.

वात वर ओढून केराबाईनं दिवा लावला. तिसऱ्या काडीला पेटला.

“आता मोडला ना नियम?” रुद्रप्पांनी घाबरत विचारलं. “अखंड राहिला नाही.”

“बोटीत बी दोनदा इझला,” ती तुटकपणे म्हणाली. “टेम्पोत एकदा.”

“मग अखंड कसा?”

“न इझनारा दिवा आसतूय व्हय कुटं? इझला की लावायचा, त्येलाच अखंड म्हंत्यात. माझ्या दिव्यावर रुसून धनी बुडवाया देव काय तुमच्या कार्यालयाचा सचिव हाय?”

सकाळी रुद्रप्पांनी शिट्टी वाजवली नाही. वाजवायची इच्छाच झाली नाही. तरी चहा झाला, पोरांच्या अंघोळी झाल्या, बायकांनी आपणहून भाकरीची परात ओढली. निळी बादलीसुद्धा जागेवर आली. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, याचं रुद्रप्पांना थोडं वाईट वाटलं. बोटीवरून फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तो कुठं आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला जसं वाटेल तसं बघा.” गौरम्मा हातातली परात खाली ठेवून त्यांच्याकडं बघायला लागल्या. नवऱ्याला ताप वगैरे तर नाही ना, अशी शंका त्यांना आली.

काठाकाठानं फिरत बोट निघाली आणि थोड्याच वेळात अजिनाथ सापडला. देवळापासून लांब, दुसऱ्याच बाजूच्या एका बांधावर, गुडघाभर पाण्यात उभा. ‘जिवंत आहे, मेंढरं घेऊन रस्त्याला लागलाय,’ असा निरोप आला आणि केराबाईनं घटापुढं डोकं टेकलं ते बराच वेळ वर उचललं नाही. बायका रडल्या. चांदसाब टेम्पो घेऊन त्याला आणायला गेला.

आणि रुद्रप्पा माईककडं धावले.

माणूस एका रात्रीत बदलतो, पण दुपारपर्यंत टिकत नाही. “बंधू-भगिनींनो,” ते म्हणाले, आणि आवाज ऐकून त्यांचा त्यांनाच हुरूप आला, “काल मी स्वतः सगळं देवावर सोडलं. पूर्णपणे सोडलं. आणि आज फळ बघा! शरणागती कशी असावी, याचे तीन प्रकार आहेत...” पहिला प्रकार संपला, दुसरा चालू झाला. भाषणाला इतका रंग चढला की फाटकाबाहेर टेम्पो येऊन थांबलेला त्यांना दिसला नाही.

अजिनाथ आत आला. वाळलेला, उंच, डोक्याचं मुंडासं गळ्यात, पाय पांढरे पडून सुजलेले. मागून मेंढरं आली, चांदसाब त्यांना वळवत होता. कळप म्हणावा एवढी ती नव्हती. केराबाई उठून उभी राहिली. तिनं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, मग तिची नजर मेंढरांवरून फिरली आणि फिरून परत आली.

“बाकीची?” तिनं विचारलं.

“गेली,” अजिनाथ म्हणाला. “काल दिस हुता तवर बरं हुतं. बोट दिसली हुती लांबनं. मुंडासं हलवलं, वरडलो. वाटलं, हिकडं फिरंल. कडंकडंनं आली आसती तर कोकरं तरी दिली आसती हातात. पर ती सरळ देवळाकडं गेली. तितंच घुटमळत बसली. सांजंला पानी चढलं, मग मेंढरांभवतीची जाळी तोडली आन् सोडली सगळी. म्हनलं, बाबांनो, ज्याला जमंल त्यो तरा.” त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. “देवळामागं त्या दिवसाला माणूस कशाला जाईल? बोट तिकडं धाडली कुनी?”

काल फोनवरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. रुद्रप्पांच्या हातातला माईक चालूच होता आणि त्यांचा श्वास भिंतीवरच्या चारी कर्ण्यांतून ऐकू येत होता.

केराबाईनं स्टेजकडं पाहिलं.

“देवानं धाडली,” ती म्हणाली. “हितं एक हायती. ते बगा, बोलत्यात.”

अजिनाथ भोळा माणूस. त्यानं स्टेजवरच्या विभूती लावलेल्या, पांढऱ्या धोतरातल्या माणसाकडं बघितलं आणि कोणी मोठे स्वामी असतील असं समजून हात जोडले.

‘आपण निमित्तमात्र’ हे शब्द रुद्रप्पांच्या जिभेवर आले. आयुष्यभर ते अगदी वेळेवर येत होते. त्यांनी ते गिळले.

“मी धाडली,” ते म्हणाले. “मला माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं.”

ते चारी कर्ण्यांतून ऐकू आलं. अजिनाथचे जोडलेले हात हळूहळू सुटले. शिवी देईल, अंगावर येईल, असं रुद्रप्पांना वाटलं, आणि यावं असंही वाटलं.

“मेंढरं तानलीत,” अजिनाथ म्हणाला. “पानी कुटं हाय?”

रुद्रप्पांनी माईक ठेवला, पायऱ्या उतरले आणि सवयीनं हात उचलून सांगायला लागले, की मागच्या बाजूला हौद आहे, पण आधी सगळ्यांना डावीकडून... मेंढरं त्यांच्या धोतराला अंग घासत कधीच हौदाकडं गेली होती. उचललेला हात तसाच धरून ते उभे राहिले. मग त्यांनी भिंतीकडची निळी बादली घेतली, लंगडणाऱ्या एका कोकराला तोंड पोहोचत नव्हतं त्याच्यापुढं ती भरून ठेवली, आणि ते पाणी पिईपर्यंत काही न बोलता शेजारी उकिडवे बसले.